राजवनातले पडलेले शालवृक्ष

पूर्वी वेत्रावती नगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लाकूडव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. वडिलांमागे वखार तेच पाहू लागले. त्यांची पत्नी शारिका व्यवहाराला चोख आणि बोलायला मोकळी होती.

एके वर्षी राजाने नगराभोवती नवा तट बांधायला घेतला. विटांच्या भट्ट्यांना लाकूड हवे होते. राजा बोधिसत्त्वांना म्हणाला, "वादळाने राजवनातले पुष्कळ शालवृक्ष आडवे झाले आहेत. ते उचल. भट्ट्यांपुरते मला दे, उरलेले तुझे."

शारिकेला हे ऐकून फार बरे वाटले. आता म्हातारपणाची काळजी मिटली, असे म्हणत तीही पतीबरोबर वन पाहायला निघाली.

वनात शारिकेने एका जुन्या ओंडक्यावर पाऊल ठेवताच ते घोट्यापर्यंत आत गेले. तिने वाकून साल सोलली. आत पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरले होते, कडेने अळंबी उगवली होती आणि लाकडाची जिथे काळी माती झाली होती तिथे शालाची कोवळी रोपे मुळे रोवून उभी होती.

"हे तर कुजले," ती म्हणाली. "हे कोण घेणार?"

"ही रोपे घेतच आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "झाडाने जन्मभर मातीतून जे घेतले, ते लाकडात अडकून राहते. अळंबी ते सोडवून मातीला परत देते. आज जे ओंडके टणक आहेत, तेही कालांतराने असेच होतील. सगळेच भट्टीत गेले तर या रोपांनी काय खावे?"

शारिकेने सोललेली साल रोपांच्या मुळांशी परत ठेवली. मग म्हणाली, "आपण नाही म्हटले तर दुसरा कोणी उचलेल. रोहक व्यापारी वाटच पाहतो आहे."

"म्हणूनच राजाला आपल्या वखारीतले लाकूड द्यावे, असे मनात येते. पण वखार तुझीही आहे."

तिला म्हातारपणाची काळजी आठवली. तरी ती शांतपणे म्हणाली, "द्यायचे तर सगळे द्या. कमी पडले की राजा पुन्हा वनाकडेच वळेल."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी राजाला सारे समजावून सांगितले.

"यात तुझा लाभ काय?" राजाने विचारले.

"वन राहील, महाराज. मला तेवढे पुरे."

राजाने पडलेल्या वृक्षांना हात लावण्यास सर्वांनाच मनाई केली. भट्ट्यांना लाकूड देऊन वखार रिकामी झाली. दोघांनी बांबूच्या लहानशा व्यापारावर पुढचा संसार केला. यथाकाल ओंडक्यांची माती झाली आणि त्या मातीतून शालांची नवी दाटी उठली. पावसाळ्यात शारिका वनातून खाण्याजोगी अळंबी आणून रांधी. जेवताना दोघे तृप्त असत.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा स्थविर भद्रसेन. शारिका म्हणजे समोर बसलेली उपासिका नागदत्ता. आणि तो व्यापारी मीच होतो." प्रज्ञेने केलेल्या दानाची ही कथा आहे.