बुरुजाची सावली

गढीपुढच्या कातळावर तान्हूबाई आणि गावच्या बायका दरसाल कुरडया वाळत घालत. गावात बिनधुळीची जागा तेवढीच. पण पौषातल्या एका संध्याकाळी बुरुजाची सावली कातळभर पसरलेली पाहून जहागीरदारांना हाव सुटली. त्यांनी दवंडी पिटवली, "माझ्या बुरुजाची सावली पडेल ती जागा माझी!"

वैशाखात भर दुपारी तान्हूबाईने बायकांना घेऊन थेट बुरुजाला खेटून कुरडया घातल्या. जहागीरदार धावत आले. "उठा माझ्या जागेवरून!"

"सावली दाखवा सरकार, लगेच उठतो."

जहागीरदारांनी चहूकडे पाहिलं. सूर्य अगदी डोक्यावर, सावली कुठेच नाही.

"संध्याकाळी पडेलच की!" ते चरफडले.

"मग तेव्हा उठूच की," तान्हूबाई हसली. "सावलीत कुरडया वाळतात होय?"