पोपटीच्या पानावरचं दंव

भातं माणसांसारखी बोलत असत त्या काळी एका खाचरात सकाळपासून भांडण जुंपलं होतं.

"चालता हो मेल्या! करप्या रोगाचे कण तूच आणलेस," रोपं वाऱ्यावर खेकसत होती. पानात पानं अडकवून त्यांनी अशी भिंत केली होती, की त्याला शिरायला फटच नव्हती.

"अगं बायांनो, माझ्या अंगाला काय चिकटतं ते मला दिसतं का?" वारा बांधावर रडकुंडीला आला होता.

बांधालगतची घनसाळ ही खाचरातली सगळ्यांत थोराड साळ. तीही त्या भिंतीत होती, पोपटी नावाच्या धाकट्या रोपाला पोटाशी घट्ट धरून. पोपटीच्या पानावर राखाडी डाग उमटला होता.

"आजी, गार लागतंय गं," पोपटी पुटपुटली.

घनसाळीनं खाली पाहिलं. उन्हं वर आली, तरी पोरीच्या पानावर दंव तसंच साचलेलं, आणि त्या दंवात करप्याचे कण चांगले बाळसं धरत होते. बांधावरचं गवत मात्र वाऱ्यानं केव्हाच कोरडं केलं होतं. मायेनं कवटाळून आपणच पोरीला ओलं ठेवलं की!

तिनं एकेक पान सोडवायला घेतलं.

"म्हातारे, चळलीस का? रोग त्यानंच आणला ना!" रोपं ओरडली.

"आणला असेल," घनसाळ कडाडली, "पण माझ्या लेकराचं ओलं अंग पुसायला तुमच्यातलं कोण येणार आहे, ते सांगा!"