बाजेचं वळण

हे बघा ते वळण. दोन्ही बाजूंच्या घरांचे कोपरे कापल्यासारखे आत घेतलेत, आणि इथं कोणी पाण्याचं पिंपसुद्धा ठेवत नाही. याला बाजेचं वळण म्हणतात. तुम्ही गल्ली मोजायला आलात, खुशाल मोजा. पण हे वळण काही टेप लावून झालेलं नाही.

आमची वस्ती दगडफोड्यांची. खाणीच्या उतारावर आधी खोपटी होती, मग हळूहळू भिंती आल्या. लोकांचे बंगले ओळंब्यात बांधणारी ही माणसं, पण स्वतःच्या घराची वेळ आली की बोटभर जागा दिसली तर हातभर घ्यायची. यंकाप्पा धोत्र्यानं असाच वळणावर ओटा काढला आणि ओट्यावर भिंत चढवली. वरच्या घरातल्या दुर्गप्पानं हटकलं, तर म्हणाला, "माणूस जातंय ना? मग झालं."

त्याच वर्षी दुर्गप्पाची बायको सायव्वा बाळंतपणात अडली. पहिलटकरीण पोर. सुईणीनं हात टेकले; म्हणाली, मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या, पण बसवू नका, पाठुंगळी घेऊ नका. चौघांनी तिला बाजेवर उचललं आणि वळणाशी बाज अडकली. पुढं जाईना, तिरकी करता येईना. असं सांगतात, की यंकाप्पाच घण घेऊन धावला आणि आपली भिंत फोडू लागला. पण भिंत त्यानं मजबूत बांधली होती हो. ती पडेपर्यंत सायव्वा गेली, पोटातलं लेकरूही गेलं. फार वाईट झालं ते.

दुर्गप्पा त्याला एक शब्द बोलला नाही म्हणे. तेच यंकाप्पाला सोसवेना. तेराव्याला त्यानं तीच बाज मागून आणली, तिच्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "न्या मला." धडधाकट जिवंत माणसाला असं चौघांनी उचलणं अभद्रच, कोणी पुढं होईना. शेवटी पहिला हात दुर्गप्पानं लावला. बाज ओट्याला, पडक्या भिंतीला जिथं जिथं घासली, तिथून मागं सरून यंकाप्पानं भिंत बांधली.

आजही इथं पाया खणण्याआधी खुंट्यांना दोरी लावून आखणी करतात आणि घरमालकाला बाजेवर निजवून या वळणावरून नेतात. बाज दोरीला घासली की पाया मागं घ्यायचा, त्यात वाद नाही. माझ्या नातवाची खोली तर इतकी आखडली, की तिच्यात बाजच मावत नाही. जमिनीवर झोपतो बिचारा, कुरकुरत नाही. या वळणावरून कितीतरी अडलेल्या बाया खाली गेल्या आणि लेकरं घेऊन वर आल्या. सायव्वा तेवढी आली नाही.