मध्य हरवलेली नदी

एका नदीच्या काठी चांगुणा नावाची नावाडीण राहायची. नदी रुंद आणि संथ, झोपेत कूस बदलावी तशी वळणारी. अलीकडे नागलवनाचं राज्य, तिथे नाचणी पिके. पलीकडे खारपूर, तिथे मीठ पिके. दोन्ही राज्यं गरीब, आणि इतकी लहान की एकीकडचा राजा शिंकला तर दुसरीकडची म्हैस दचकायची.

नदीच्या मध्यावर एक काठी रोवलेली होती. नियम असा, की दोन्हीकडच्या नावांनी काठीपर्यंतच यायचं आणि माल तिथेच, हलत्या पाण्यावर, या नावेतून त्या नावेत फेकायचा. परक्या काठाला नाव लागली तर काठ बाटतो, असं कुठल्याशा पणजोबानं सांगून ठेवलं होतं. तीन गोण्या मीठ निघालं की एक हमखास पाण्यात जायची. काठीपाशी नदीसुद्धा खारट लागते, असं लोक म्हणत.

पलीकडून नाव घेऊन यायचा भिवा. बारा वर्षांत चांगुणाला त्याच्या घरच्या कोंबड्यांचीसुद्धा नावं पाठ झाली होती, पण त्याचं अंगण तिनं कधी पाहिलं नव्हतं. धुक्याच्या सकाळी आधी त्याचा आवाज यायचा, मग नाव. हा माणूस खारपुरात राहतच नाही, धुक्यातच राहतो, असं तिला वाटायचं.

दोन्हीकडचे कारभारी दर पौर्णिमेला, भर दुपारी, काठीला तराफा बांधून सभा भरवत. एकमेकांना हार घालत, शेजारधर्मावर भाषणं ठोकत, पुरणपोळ्या चापत, आणि ‘पुढच्या पौर्णिमेला विचार करू’ असं ठरवून घरी जात. तोवर डोंगरापलीकडच्या रत्नपूरचे व्यापारी खारपूरचंच मीठ महिनाभर फिरवून नागलवनात आणत. एका गोणीला चार गोण्या नाचणी घेत आणि जाताना कारभाऱ्यांच्या खांद्यावर एकेक शाल टाकून जात. वय वाढलं की शहाणपण येतं म्हणतात. यांना शाली आल्या.

एका वर्षी पूर आला आणि ओसरताना काठी घेऊन गेला.

नागलवनाचे मुख्य कारभारी भिकोबाअण्णा काठावर आले. त्यांनी रिकाम्या पाण्याकडे पाहिलं आणि दवंडी पिटवली, “मध्य ठरेपर्यंत नाव बंद!” पलीकडच्या कारभाऱ्यांनीही तेच केलं. बंद करायचं म्हटलं की दोघांचं फार पटायचं.

त्याच आठवड्यात नागलवनात जुलाब-ओकाऱ्यांची साथ आली. चांगुणाची सहा वर्षांची येसू दोन दिवसांत वाळल्या पानासारखी हलकी झाली. साळूबाई वैद्यीण म्हणाल्या, “पाणी उकळून गार कर. त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घाल, घोट घोट पाजत राहा. नुसत्या पाण्यानं पोर उठायची नाही.”

गूळ होता. मीठ साऱ्या गावात नव्हतं. डोंगरवाटा खचल्यामुळे रत्नपूरचे बैल अडकले होते. बायका मिठाची रिकामी मडकी विसळून ते पाणी वाटून घेत होत्या. येसू झोपेत ओठ चाटायची.

चांगुणा पारावर गेली. तिथे कारभारी दोर वळवून घेत बसले होते.

“अण्णा, नाव सोडू द्या.”

“मध्य कुठाय?”

“मोजा की मग!”

“मोजणारच. हा दोर उगाच वळतोय का? चांगला अर्ध्या नदीएवढा आहे.”

“अर्ध्या कशाला?”

“आपली नदी अर्धीच आहे म्हणून.”

“अहो, अर्धी कुठं संपते ते कळायला दोर पलीकडे पोचायला नको?”

“पलीकडे लागला तर बाटेल.”

“मग मोजणार कसं?”

“पौर्णिमेला विचार करू.”

“पौर्णिमेपर्यंत माझी पोर उरायची नाही, अण्णा.”

अण्णांनी शाल सावरली. “तू अजून लहान आहेस.”

“तिशी उलटली माझी. मोठं ठरायला इथं मरावं लागतं का?”

तिनं दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि चालू लागली. तिला अडवायचं तर उठावं लागणार होतं. कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना येसूला साळूबाईंच्या मांडीवर देऊन तिनं दोराचं एक टोक काठावरच्या उंबराला बांधलं, दुसरं नावेला. एक पोतं नाचणी घेतली आणि निघाली. धुकं इतकं दाट की वल्ह्याचं टोक दिसेना. आपण नदीत नाही, कुणाच्या तरी झोपेत नाव वल्हवतोय, असं तिला वाटलं. बारा वर्षांच्या सवयीनं ती मध्य शोधत होती. पाणी इकडचं तसंच तिकडचं. एक मासा या राज्यातून उसळला, त्या राज्यात पडला आणि पुन्हा परत आला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

मग दोर ताणला. नाव थांबली.

“भिवाऽऽ!”

“आलोय,” धुकं म्हणालं. मग भिवा दिसला. त्याच्याही नावेला दोर होता. “आमच्या शहाण्यांनीही अर्धाच वळलाय. घरात दाणा नाही, चांगुणाताई. पोरं मीठ चाटून जगत नाहीत.”

“माझ्या येसूला मीठ हवंय. चिमूटभर.”

“गोणी आणलीय की!” आणि सवयीनं त्यानं ती फेकली. नाव हेलकावली. गोणी दोन नावांच्या मधे पडली आणि बुडबुडे काढत गेली.

मग चांगुणानं पणजोबाला एक सणसणीत शिवी दिली.

“दुसरी आहे?”

“घरी आहेत. काठावर.”

“मग तिथंच येते. दे तुझा दोर.”

दोन्ही राज्यं आपला अर्धा भाग मोठाच धरत, त्यामुळे दोर गाठीला पुरून उरले. बोटं गारठली होती. गाठ तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली. मग दोराला धरून, एकेक हात पुढे सरकवत, ती पलीकडे गेली आणि उतरली. काठ बाटला नाही. पायाखाली चिखल होता, घरच्यासारखाच गार. भिवाच्या बायकोनं नाचणीचं पोतं उतरवून घेतलं, मिठाच्या दोन गोण्या नावेत नीट ठेवल्या आणि म्हणाली, “जा आधी. ओळख मागनं करू.”

परतताना एक चिमूटही पाण्यात गेली नाही. येसूनं पहिला घोट ओकला, दुसरा ठेवला. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी मागितली. दोर तसाच राहिला, आणि त्याला धरून दोन्हीकडच्या नावा थेट काठाला लागू लागल्या.

मग मात्र कारभारी उठले. भिकोबाअण्णा कोयता घेऊन उंबरापाशी आले. “दोर बाटलाय. तोडायचा.” पलीकडेही तसाच एक म्हातारा कोयता घेऊन उभा होता.

अण्णांनी हात उगारला. त्यांची बायको गयाबाई म्हणाली, “तोडा की, कोण नको म्हणतंय? फक्त आपल्या नातवाचं मीठ येतंय, ते नदीत आहे अजून.”

अण्णा थांबले. मीठ आलं. त्यांनी पुन्हा कोयता उगारला, तर पलीकडचा म्हातारा ओरडला, “अहो, थांबा! आमच्या घरची नाचणी निघालीय!” ती पोचेपर्यंत साळूबाई खारपूरला बाळंतपणाला निघाल्या. त्या परत येईतो तिकडचा लोहार विळे घेऊन निघाला.

अण्णा अजून उंबराखाली कोयता घेऊन बसतात. दोर रिकामा दिसला की तोडणार आहेत.

तात्पर्य: गरीब शेजारी एकमेकांच्या दारी गेले तरच दोघांच्या चुली पेटतात, आणि ज्यांचं पोट सभांवर भरतं, त्यांच्या परवानगीची वाट पाहत बसू नये.