साहेबाचा वाकडा तास

टेकडीखालचं ते शेत बघा. नांगराचे सगळे तास सुतात, मधला एकच सापासारखा वळवळत गेलेला. हसा, पण बेताने. तो सरकारी हाताचा आहे. तुम्ही वकिलीची जाड पुस्तकं वाचणारे, मी चौथीच्या वर्गात दोनदा बसून उठलेला. तेव्हा कुठे चुकलं तर कलम लावू नका.

संस्थानाच्या काळात, असे सांगतात, मोहाच्या झाडावरून भांडण पेटलं आणि इथल्या भुऱ्याच्या काठीने गेंद्या मेला. गावाचा कायदा असा, की ज्याने घरातला नांगर धरणारा नेला, त्यानेच सात पावसाळे त्या घरचा नांगर धरायचा. पंचांनी तसं सांगितलं, भुऱ्याने मान खाली घातली. तोच बेड्या घेऊन शिपाई आले, मागून घोड्यावर मॅजिस्ट्रेट. साहेबाने जागेवरच कोर्ट भरवलं.

"खून हा सरकारविरुद्ध गुन्हा. सात वर्षं सक्तमजुरी, जिल्ह्याच्या तुरुंगात."

गेंद्याची बायको ठुमली पुढे आली. तिची पेरणी अडली होती.

"नवरा माझा गेला, सरकारचा नाही," ती म्हणाली. (आम्ही देवालाही अरे-तुरे करतो, साहेबाची काय कथा!) "याला खुशाल ने. पण मग नांगर तू धर. आमच्यात नेणाऱ्यानेच धरायचा असतो."

साहेब जिद्दीचा. बूट काढून त्याने नांगराचं रुमणं धरलं. बैलांनी लगेच ओळखलं, की हा माणूस कागदावरचा. इकडे ओढ, तिकडे ओढ, शेवटी बांधाशी साहेब चिखलात बसला. कोणीही हसलं नाही म्हणे. मला ते काही पटत नाही.

चिखल पुसत साहेबाने विचारलं, "नवऱ्याला मारणारा रोज डोळ्यांपुढे चालेल तुला?"

ठुमली म्हणाली, "त्यालाही मी रोज दिसेन ना."

साहेबाने चिखलाच्या हातानेच टाक उचलला. मग निकालपत्रावरचा 'जिल्ह्याचा तुरुंग' खोडून त्याने वर लिहिलं, 'ठुमलीचं शेत'. सक्तमजुरी तशीच ठेवली.

सात पावसाळे भुऱ्या राबला. ठुमली बांधावर भाकर ठेवी आणि तोंड फिरवून निघून जाई. सातव्या वर्षी शेवटचा तास संपला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "बस आता इथं. जेव."

आजही नवा न्यायाधीश इकडे आला, की पेरणीआधी हा मधला तास त्यालाच धरावा लागतो, आणि मग बांधावर बसून मुकाट्याने भाकर खावी लागते. आजवर कोणाचाच तास सरळ गेला नाही. आणि चष्मेवाल्या बाई, तुम्हीच ना मघाशी म्हणालात, मला न्यायाधीश व्हायचंय? मग काढा बूट. बैल केव्हाचे तुमच्याकडेच बघताहेत.