पानोपानी महाराज

"ॲपच्या प्रत्येक पानावर माझ्या नावाखाली माझ्या घोड्याचं नाव झळकलं पाहिजे! आणि तेही माझा चहा संपायच्या आत!"

कळंबगडच्या महाराजांनी फर्मान सोडलं. राज्य केव्हाच गेलं होतं. उरला होता किल्ला, त्याची तिकिटं विकणारं ॲप आणि फर्मानं सोडायची सवय.

ॲपचे मुख्य अभियंता भालेराव. महाराज त्यांना दिवाणजी म्हणत आणि ते खुशाल म्हणवून घेत.

"महाराज, महिना लागेल!" दिवाणजींनी घाम पुसला. "प्रत्येक पान सर्व्हरला आपलं नाव, किताब, छायाचित्र स्वतंत्रपणे विचारतं. त्या सगळ्या विचारणा एकेक उघडून..."

"महिना? मग उद्यापासून सगळे घरी बसा!" महाराजांनी कप उचलला.

"चहा निवायच्या आत करते, महाराज," कोपऱ्यातून आवाज आला. ती सुगंधा, तबेल्यातल्या मोतद्दाराची मुलगी, नुकतीच प्रोग्रामर म्हणून लागलेली.

"हो का? फुंकर मारून करणार?" दिवाणजी हसले.

सुगंधाने एक ओळ लिहिली. घोड्याची नोंद सर्व्हरवर होतीच. कर्मचाऱ्यांच्या आधी त्याचीच झाली होती.

महाराजांनी फोन उघडला. तिकिटाच्या पानावर त्यांच्या नावाखाली 'पवनराज'! पार्किंगच्या पानावर पवनराज! स्वच्छतागृहाच्या पानावरसुद्धा पवनराज!

"लबाडी!" दिवाणजी ओरडले. "हिने एकही पान उघडलं नाही!"

"आज नाहीच उघडलं," सुगंधा म्हणाली. "महाराजांविषयी काय विचारायचं आणि ते कसं दाखवायचं, तो तुकडा मी कामाला लागल्याबरोबर एका ठिकाणी लिहून ठेवला आणि पानापानांतल्या जुन्या विचारणा काढून टाकल्या. त्याचं नाव 'महाराज'. प्रत्येक पान आता फक्त त्या तुकड्याचं नाव घेतं. आज मी तुकड्यात घोडा घातला, तो सगळीकडे पोचला. दिवाणजींनी कोड उघडला असता, तर त्यांनाही दिसलं असतं."

दिवाणजींनी कोड शेवटचा कधी उघडला होता, ते दिवाणजींनाच आठवेना.

महाराजांच्या भुवया चढल्या. "अख्ख्या ॲपमध्ये आमच्यासाठी एकच तुकडा? एवढीच आमची किंमत?"

दिवाणजी गालातल्या गालात हसले.

"महाराज, आपण एकच तर आहात!" सुगंधा म्हणाली. "दिवाणजींनी पानागणिक एक नवा महाराज बसवला होता. गादीला एवढे वारसदार बरे दिसतात का?"

महाराज असे खदखदून हसले की उरलेला चहा दिवाणजींच्या सदऱ्यावर सांडला. डोळे पुसत त्यांनी नवं फर्मान सोडलं, "दिवाणजींची खोली आजपासून सुगंधाची. एसीसकट!"