रेघांवरून ठरलेला सोयरा

जमिनीवर डायनासोर हिंडत होते त्या काळी, मुलांनो, एका उथळ समुद्रातल्या खडकावर भुजपादांची वस्ती होती. भुजपाद दिसतो शिंपल्यासारखा, पण त्याचे कूळ वेगळे. त्याच्या कवचाला दोन झडपा असतात आणि मोठ्या झडपेच्या टोकाला भोक असते. त्यातून देठ बाहेर येतो आणि खडकाला घट्ट धरतो. एकदा देठ रुजला की जन्मभर तीच जागा. झडपा जराशा उघडायच्या, आतल्या झालरीसारख्या भुजांनी पाण्यातले अन्न गाळून खायचे आणि कोणाची चाहूल लागली की खटकन मिटायचे, असा त्यांचा दिनक्रम.

आपला कोण आणि परका कोण, हे वस्तीतला सर्वांत म्हातारा भुजपाद ठरवी. पाठीवर पंख्यासारख्या रेघा असल्या तर आपला, नसल्या तर परका. कोणाच्या आत काय आहे, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्यासमोर झडपा पुरत्या उघडणे तिथे असभ्यपणाचे मानत. वस्तीच्या कडेला गुळगुळीत पाठीची एक तरुण पोर रुजली होती. देठ होता, भुजा होत्या, पण रेघा नव्हत्या. म्हणून तिच्याशी कोणी धड बोलत नसे.

एके दिवशी ठसठशीत रेघांचा एक शिंपला घसरत घसरत आला. "आजोबा, खडकामागच्या चिखलात जरा जागा मिळेल का?"

"रेघा आपल्याच दिसतात. ये बाळा, घर तुझंच आहे," म्हातारा म्हणाला.

"पण आजोबा, त्याला देठ कुठाय?" पोरीने विचारले. "आपल्यातलं कोणी कधी चाललंय का?"

"ज्यांना रेघा नाहीत, त्यांनी दुसऱ्याचं कूळ विचारू नये!"

दुसऱ्या दिवसापासून पाणी गढूळ होऊ लागले. भुजांत गाळ अडकून दोन लहानगे गुदमरून मेले. आता प्रत्येक जण केसाएवढी फट ठेवून त्या पोरीवर नजर ठेवू लागला.

"काल झडपा हलवत होती, मी पाहिलंय."

"भरती आली की हिचा देठ वळतो. त्यानेच गाळ उडतो."

"अहो काका, तुमचाही वळतो की!" पोर म्हणाली.

"बघा, उलट बोलते!" म्हातारा गरजला. तिथे एवढा पुरावा पुरेसा होता. त्याने खडकाच्या कपारीत राहणाऱ्या खेकड्याला बोलावले. "तोड हिचा देठ."

"देठ तुटला तर मी लाटेबरोबर वाहून जाईन, आजोबा. मरेन मी."

"गाळ उडवताना नाही सुचलं ते?"

खेकड्याने नांगी उचलली. "खेकडेदादा," पोर घाईने म्हणाली, "आधी एकच करा. मला नांगीत गच्च धरा, जराही हलू देऊ नका. तरीही पाणी गढूळ झालं, तर गाळ उडवणारं दुसरं कोणीतरी आहे."

खेकड्याला हे पटले. त्याने तिला धरून ठेवले. थोड्या वेळाने खडकामागून तपकिरी लोट उठला. खेकडा तिला सोडून तिकडे धावला, चिखलात नांगी खुपसली आणि त्याने शिंपल्याला बाहेर ओढले. त्याच्या झडपांतून जिभेसारखा जाडजूड पाय लोंबत होता. आत ना देठ, ना भुजा.

"मी पायाने खणतो, चिखलातच राहतो," शिंपला म्हणाला. "खोटं कुठे बोललो? मला कोणी विचारलंच नाही." एवढे बोलून तो सुटला आणि दूरच्या चिखलाकडे घसरत गेला.

"खेकडा तिला सामील आहे! उघडू नका कोणी!" असे ओरडून म्हाताऱ्याने झडपा मिटल्या.

दुपारपर्यंत पाणी निवळले. रेघांची एक शेजारीण भीत भीत उघडली. मग तिने पोरीला म्हटले, "दाखव बघू, तुझ्या आत काय आहे." पोरीने सगळ्यांसमोर झडपा सताड उघडल्या. आत अगदी त्यांच्यासारख्याच झालरीच्या भुजा होत्या. एकेक करून सगळे उघडले आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

"आजोबा, पाणी स्वच्छ झालंय. उघडा आता," शेजारणीने हाक मारली.

"तुला कोणी पढवून पाठवलंय?" आतून आवाज आला.

ती रोज हाक मारी, रोज तेच उत्तर येई. सातव्या दिवशी उत्तर आले नाही.

तात्पर्य : संशय घ्यायचाच असेल, तर दुसऱ्यावर घेण्याआधी आपल्या कसोटीवर घ्यावा. कसोटीच खोटी असली, की घात करणारा सोयरा वाटतो आणि सोयरा वैरी.